विरार टू कॅलाब्रिया, व्हाया सातबारा

"सुट्टीत कुठे जाणारेस म्हणालीस?"

"इटली."

"काय बघायला?"

"बघायला असं नाही गं आई... समुद्र, ऊन, मस्त निवांत..."

आईच्या हातातली कोलंबी सोलायची थांबली. "ऊन? ऊन खायला तू सव्वादोन लाख घालणार? गच्चीवर जा की!"

आता हिला काय सांगणार? आणि खरं सांगायचं तर आईचं शंभर टक्के चुकत होतं असंही नाही. आमचं घर आगाशीत. विरार स्टेशनला उतरलात की पश्चिमेला या, टॉवर संपतात आणि केळी सुरू होतात, तिथे आम्ही. आमच्याकडे ऊन ही सोय नाही, तो कामगार आहे. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर तो बोंबील वाळवतो, आमच्या अंगणात पापड वाळवतो आणि आगाशीची ती फेमस सुकेळी, राजेळी केळ्यांची, तीसुद्धा त्याच्याच जिवावर. उन्हाला इकडे कुणी 'एन्जॉय' करत नाही. त्याला कामाला लावतात. जगभरच्या ट्रॅव्हल साइट्स मात्र दक्षिण इटलीचं ऊन अशा काही लाडाने विकतात, की दुपारी दीडच्या विरार लोकलमध्ये घामाने चिंब होऊन, मोबाइलवर त्या उन्हाचे फोटो बघत, मीसुद्धा 'आहाहा' केलंच!

प्लॅन मुळात तिघींचा होता. लेडीज डब्यातली आमची जुनी गँग. दोन वर्षं दर महिन्याला पाच-पाच हजार बाजूला टाकायचे असा फंडा. मग मैत्रीण नंबर एकने नालासोपाऱ्यात वन बीएचके बुक केला, तिचा इटली फंड डाउन पेमेंटमध्ये गेला. नंबर दोनचं लग्न ठरलं. 'हनिमूनला तिकडेच जाऊ का?' असं तिने नवऱ्याला विचारलं, त्याने 'मनाली' म्हटलं, विषय संपला. उरले मी. फ्रीलान्सर, सिंगल, ईएमआय नसलेली. म्हणजे जगातली सगळ्यात मोकळी बाई. असं मला वाटत होतं.

इटली म्हटलं की सगळे अमाल्फीच्या मागे. मीही तिथूनच सुरुवात केली आणि हॉटेलांचे रेट बघून लॅपटॉप बंद केला. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरून हिशेब करायचा, म्हणजे कॉफीसुद्धा विचार करून प्यावी लागते. मग नकाशावर बोट खाली खाली सरकवत गेले. इटलीचा बूट आपल्याला शाळेपासून माहीत. त्याची टाच म्हणजे पुलिया. आणि बुटाचं पुढचं टोक, सिसिलीला लाथ मारायच्या पोझमध्ये असलेलं, ते कॅलाब्रिया. दोन्ही बाजूंना समुद्र, मध्ये डोंगर. इटलीतल्या सगळ्यात कमी उत्पन्नाच्या प्रांतांपैकी एक. इथली माणसं शंभर-सव्वाशे वर्षं बाहेर जातायत. आधी अमेरिकेला, अर्जेंटिनाला, नंतर उत्तरेकडच्या कारखान्यांत. तरुण पोरं अजूनही गाव सोडतात. डोंगरातली काही गावं पार रिकामी झालीत. म्हणजे टुरिस्ट कमी, रेट कमी. गरिबीचा असा फायदा घेताना जरा कसंतरी वाटलं, खोटं कशाला बोलू? पण एक्सेल शीट उघडलीच.

बाय द वे, ट्रिपची खरी मजा एक्सेल शीटमध्ये असते. निदान ती एक सुट्टी तरी कुणी कॅन्सल करू शकत नाही. माझी शीट अशी होती : विमानाने रोम. तिथून दक्षिणेला जाणारी ट्रेन, समुद्र खिडकीतून दिसेल अशा बाजूची सीट पकडायची. लामेझिया तेर्मेला उतरून किनाऱ्याची छोटी लोकल ट्रेन घेतली की साधारण तासाभरात त्रोपेआ. उंच कड्यावर गाव, खाली पांढरी वाळू आणि समोर समुद्रातून वर आलेल्या खडकावर सांता मारिया देल्लीझोला हे चर्च. तिथला लाल कांदा एवढा गोड, की त्याचा मुरांबा करतात. आणि आइस्क्रीमसुद्धा! (आई : "नासाडी.") तिथून जवळच्या स्पिलिंगा गावची 'एन्दुया', म्हणजे डुकराच्या मांसात मिरची घालून केलेला, ब्रेडला फासता येणारा लालभडक प्रकार. कॅलाब्रियाची माणसं इटलीत तिखट खाण्यासाठी प्रसिद्ध आहेत. दियामांते नावाच्या गावात सप्टेंबरमध्ये चक्क मिरचीची जत्रा भरते. मिरची त्यांच्याकडेही अमेरिकेतून आली आणि आपल्याकडेही. एकाच झाडाच्या दोन माहेरवाशिणी म्हणा ना.

पुढे शिल्ला. समुद्राला टेकलेली कोळीवाड्यासारखी वस्ती आणि तलवारमासा पकडायच्या खास बोटी, उंचच उंच डोलकाठी, तिच्या टोकावर एक माणूस मासा शोधत उभा. शेवटी रेज्जो. १९७२ साली रियाचेजवळच्या समुद्रात सापडलेले दोन ग्रीक ब्राँझचे योद्धे तिथल्या म्युझियममध्ये उभे आहेत, अडीच हजार वर्षांचे आणि अजूनही सॉलिड फिट. अर्ल ग्रे चहाला ज्याचा वास असतो ते बर्गमॉट नावाचं लिंबू, जगातलं बहुतेक सगळं याच किनाऱ्यावर पिकतं. महिना सप्टेंबर. ऑगस्टमध्ये जायचं नाही. कारण १५ ऑगस्टच्या आसपास आख्खी इटली सुट्टीवर समुद्राकडे पळते. शीटमध्ये दहा दिवस, दोन लाख वीस हजार. शेवटच्या रकान्यात 'किरकोळ' म्हणून पाच हजार. टोटल सव्वादोन. क्लिअर!

आणि या सगळ्या सर्फिंगमध्ये मला तो भेटला.

जोवान्नी फ्रांचेस्को जेमेल्ली कारेरी. जन्म १६५१, राहणार रादिचेना, कॅलाब्रिया. हे गाव आता ताउरियानोवा या गावाचा भाग आहे. शिक्षण वकिलीचं. नेपल्समध्ये नोकरी, पण घराणं पुरेसं मोठं नव्हतं म्हणून बढती अडकलेली. वैतागून पठ्ठ्या १६९३ मध्ये निघाला तो थेट जगाला प्रदक्षिणा घालून १६९८ मध्ये परतला. ऑफिस पॉलिटिक्सला कंटाळून ब्रेक घेणारा मला तरी हा पहिलाच माहीत. पैसे कुठून आणले? एका मुक्कामी माल घ्यायचा आणि पुढच्या मुक्कामी जिथे त्याला भाव आहे तिथे विकायचा. फ्रीलान्सरच की! १६९९ पासून नेपल्समध्ये त्याचं 'जिरो देल मोंदो' सहा खंडांत छापलं गेलं.

आणि १६९५ च्या सुरुवातीला हा माणूस कुठे होता माहितीये? वसईत!

मी खुर्चीवरून पडायची बाकी होते. दमणहून तो वसईला आला. तेव्हा किल्ला पोर्तुगीजांचा, चिमाजी अप्पा यायला अजून चव्वेचाळीस वर्षं होती. इथून तो साष्टीत कान्हेरीची लेणी बघून आला आणि पुढे गोव्यामार्गे गलगल्याच्या छावणीत जाऊन औरंगजेबालाही भेटला. त्याच्या प्रवासातला हिंदुस्थानचा भाग सुरेंद्रनाथ सेन या इतिहासकारांनी १९४९ मध्ये संपादित करून छापलाय. मी तो डाउनलोड केला आणि रात्री दोनपर्यंत जागून वाचला. वसईच्या बाहेर 'कसाबो' असं त्याने लिहिलेलं एक ठिकाण आहे. तिथे पंधरा मैल बागाच बागा, नारळ-ताडाची झाडं, केळी, आंबे, ऊस. कसणारे ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू, सगळे. शहरातल्या बड्या लोकांची तिथे बंगली होती. कडक उन्हाळ्यात हवा खायला आणि शहरातल्या साथीच्या रोगापासून लांब राहायला ते तिकडे जात. लॉकडाऊनमध्ये मुंबईकर आमच्याकडे फार्महाउस शोधत फिरत होते, त्याची आठवण आली. आणि राजोडी, कळंब, अर्नाळ्याची रिसॉर्टं तरी दुसरं काय आहेत?

म्हणजे बघा, कॅलाब्रियाचा माणूस सव्वातीनशे वर्षांपूर्वी आमच्या वाड्या बघून खूश झाला, आणि मी सव्वादोन लाख भरून त्याच्या गावाकडे निघालेय.

सकाळी बाबांना वाचून दाखवलं. बाबा वाडीत पाणी सोडत होते. चाळीस वर्षं ते हेच करतायत. केळीला सुट्टी नसते, म्हणून बाबांनाही नाही. दोन रात्रींपेक्षा जास्त ते कधी घराबाहेर राहिल्याचं मला आठवत नाही. सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी कसं द्यायचे, लिहिलंय?"

लिहिलं होतं. इंग्रजी भाषांतरात शब्द होता, 'इंजिन'. कसल्याशा इंजिनांनी पाणी देऊन बागा कायम हिरव्या ठेवतात म्हणे.

"सोळाशे पंच्याण्णवला इंजिन? किर्लोस्करचं का?" बाबा खो खो हसले. मग म्हणाले, "अगं, रहाट असणार तो. आपल्या विहिरीवर होता. बैल फिरायचा, गाडग्यांची माळ वर यायची आणि पन्हळीत रिकामी व्हायची. कुरकुर आवाज यायचा रात्री. तो बंद झाला तर तुझ्या आजोबांना झोपेतनं जाग यायची." इतिहासकारांना जे समजावून सांगायला तळटीप लागली असती, ते बाबांनी पाइप हातात धरून सांगितलं. विहीर तीच आहे. रहाट गेला, डिझेलचं इंजिन आलं, ते गेलं, मोटर आली. पाणी मात्र उन्हाळ्यात आता मचूळ लागतं.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग आला व्हिसा.

शेंगेन व्हिसा म्हणजे, ज्यांनी कधी काढला नसेल त्यांच्यासाठी सांगते, नव्वद युरो भरून घेतलेली तोंडी परीक्षा, फक्त सगळी उत्तरं कागदावर. तीस हजार युरोचं कव्हर असलेला विमा, हॉटेलची बुकिंग्ज, बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न. आणि कंपनीचं रजेचं पत्र. फ्रीलान्सरला रजा कोण देणार? मीच मला पत्र लिहिलं, 'तुमची दहा दिवसांची रजा मंजूर करण्यात येत आहे', खाली मीच सही केली. आयुष्यात पहिल्यांदा बॉस एवढी चांगली भेटली.

अंधेरीला एका एजंटकडे फाइल दाखवायला गेले. गृहस्थ सज्जन होते. त्यांनी माझं बँक स्टेटमेंट बघितलं. एका महिन्यात अडतीस हजार, पुढच्यात अकरा, त्याच्या पुढच्यात शून्य, मग एकदम पासष्ट. एका मॅगझिनने थकवलेले पैसे एकदम आले होते. त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, नोकरी नाही. लग्न नाही. मुलं नाहीत. तुम्ही परत याल हे त्यांना कशावरून कळणार?"

"म्हणजे? माझं घर आहे इथे."

"तेच विचारतोय. तुमच्या नावावर काय आहे?"

मी विचार केला. खरंच केला. "स्कूटर," म्हणाले.

विरारपर्यंत एक तास मी खिडकीत बसून होते. खिडकीची सीट मिळूनही आनंद झाला नाही, यावरून काय ते समजा. कारण गंमत अशी, की दोन वर्षांपूर्वी महिला दिनाच्या पुरवणीसाठी मी या विषयावर एक मोठा लेख लिहिला होता. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असंही नाही. दोन वकिलांशी बोलले होते, चौकटी केल्या होत्या, कौतुकाचे मेसेज आले होते. आणि आमच्या घरात हा विषय मी एकदाही काढला नव्हता. कुणी 'काढू नकोस' म्हणालं नव्हतं. तसं म्हणायची गरजच कुणाला पडली नव्हती.

घरी येऊन सातबारा डाउनलोड केला. डिजिटल सहीचा, पंधरा रुपये. इटलीच्या पूर्ण ट्रिपमधली सगळ्यात स्वस्त गोष्ट. बाबांचं नाव, काकांचं नाव. आणि त्यांच्याखाली कंसात टाकलेली दोन नावं, दोन्ही आत्यांची. कंस म्हणजे, नाव होतं, आता नाही. शेजारी फेरफाराचा नंबर.

तो दिवस मला आठवतो. आजोबा गेल्याच्या पुढच्या वर्षी, २००४. मी सात वर्षांची होते. सगळे मिळून वसईला गेलो होतो. मोठी आत्या नवी साडी नेसली होती, बाबांनीच घेतलेली. कुठल्या तरी ऑफिसात मोठ्यांनी सह्या केल्या, आम्हा मुलांना आइस्क्रीम मिळालं. गेली वीसेक वर्षं माझ्या डोक्यात तो दिवस 'पिकनिक' या फोल्डरमध्ये सेव्ह होता. ते हक्कसोडपत्र होतं हे मला आत्ता, एका परदेशी व्हिसाच्या फाइलसाठी कळावं?

मोठ्या आत्याला फोन केला. आधी कांद्याच्या आइस्क्रीमवर हसलो. मग विचारलं.

"सही का केलीस गं?"

"का म्हणजे? सगळ्याच करतात."

"पण तुला वाटलं नाही..."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "गणपतीला आले की तुझी आई ताट वाढते ना मला? सही नसती केली तर ते ताट असतं का, हा विचार केला. बाकी काही नाही. आणि तुझ्या बाबांनी मागितली नव्हती हो सही. कुणी मागत नाही. कागद पुढे येतो."

बाबांवर रागवायचं मी ठरवलं होतं. पण बाबांवर रागवणं अवघड आहे, ते समोर उभे असतात आणि त्यांच्या पायांना चिखल असतो. संध्याकाळी वाडीत गेले आणि एजंटने काय विचारलं ते सांगितलं.

"मग तू काय सांगितलंस?"

"स्कूटर."

ते हसायला लागले आणि मध्येच थांबले. पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला. काही बोलले नाहीत.

त्या रात्री आईने "लग्न झाल्यावर बघू ना ते सगळं" असं म्हणून घेतलं. पुण्याहून दादाचा फोन आला, त्याला बहुतेक आईनेच सांगितलं असावं. "मला काहीच प्रॉब्लेम नाही गं. पण हे आत्ता कशाला?" दादा चांगला आहे. माझा पहिला लॅपटॉप त्यानेच घेऊन दिला. पण त्याच्या वाक्यातल्या त्या 'पण'वर मी दोन रात्री झोपले नाही. मी भांडखोर आहे का? एका सुट्टीसाठी घरात नको तो विषय काढला का? ट्रिपच कॅन्सल करावी, पैसे एफडीत टाकावेत, आईला गच्चीवर जाऊन दाखवावं, इथपर्यंत विचार गेला.

चौथ्या दिवशी बाबांनी एक फुलस्केप कागद माझ्या टेबलावर ठेवला. रेघांचा, निळ्या शाईने लिहिलेला, मार्जिन सोडून. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाचं टपोरं अक्षर. "त्या व्हिसावाल्यांना दे," म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.

'माझी मुलगी इटली देशात दहा दिवस फिरायला जात आहे. खर्चास काही कमी पडल्यास मी देईन. मौजे आगाशी येथील आमच्या वाडीत तिचा तिच्या भावाइतकाच वाटा आहे. ती परत येईल.'

मी तो कागद तीनदा वाचला. मग पत्रकार जागा झाला, कारण व्हिसाच्या फाइलला इंग्रजी भाषांतर लागतं. पहिली दोन वाक्यं सोपी होती. तिसऱ्यावर अडले. 'वाटा'ला इंग्रजीत 'शेअर' म्हणतात हे मला कळतं. पण शेअर लिहिलं की ते कायद्याचं बोलणं होतं. कॉन्सुलेटमध्ये कुणी तरी ते वाचणार, ते फाइलला लागणार, आणि खाली बाबांची सही असणार. बाबांना हे माहीत आहे का? की हे फक्त बापाच्या मायेनं लिहिलंय?

स्वयंपाकघरात गेले. आई भाकऱ्या थापत होती, पाठमोरी.

"बाबा, हे मी इंग्रजीत लिहिणार. खाली तुम्हाला सही करायचीय. तो वाटा... तसाच लिहू?"

"मराठीत काय लिहिलंय?"

"वाटा."

"मग?"

"नाही, म्हणजे कागदोपत्री..."

"तू जाऊन ये. तू आलीस की तलाठ्याकडे जाऊ. तुझ्या दादालाही बोलावू. त्याला सांगितलंय मी." मग आईकडे बघून, "काय गं?"

आईने भाकरी तव्यावर टाकली. "मी कुठे काय म्हणाले?" एवढंच. ते 'हो' होतं की नाही ते मला अजून समजलेलं नाही. आईच्या माहेरच्या सातबाऱ्यावर तिचं नाव कुठल्या कंसात आहे, हे विचारायचं माझं अजून धाडस झालेलं नाही.

अपॉइंटमेंट येत्या गुरुवारची आहे. फाइल लावून झालीय. पासपोर्ट, फोटो, विमा, माझी मीच मंजूर केलेली रजा, वर-खाली होणारं बँक स्टेटमेंट, पंधरा रुपयांचा सातबारा आणि त्याच्यामागे बाबांचं पत्र, मूळ आणि भाषांतर. व्हिसा मिळेल न मिळेल. एक्सेल शीटमध्ये मी एक दिवस वाढवलाय, ताउरियानोवाचा. बघण्यासारखं तिथे काय असेल देव जाणे, आजूबाजूला मैलोन्मैल ऑलिव्हच्या बागा आहेत म्हणतात. बाबांनी बजावलंय, की तिथे झाडांना पाणी कसं देतात ते नीट बघून ये आणि त्या गोड कांद्याचं बी मिळालं तर आण. बी असं आणता येत नाही, कस्टमवाले धरतात, हे मी त्यांना दोनदा सांगितलंय. ते म्हणतात, "बघ तर खरं."

काल मोठ्या आत्याचा फोन आला होता. पत्राचं तिला कळलंय. त्याबद्दल ती काही बोलली नाही. किती दिवस चाललीस, कोण कोण आहे बरोबर, एकटी? जेवणाचं काय करशील, सगळं विचारून झालं. मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, "का गं, तिकडे एका माणसाला किती खर्च येतो?"

मी तिला एक्सेल शीट पाठवलीय.